पोटरीचा पेपर

आमच्या डॉक्टरांनी नापास केलेली माणसं मला नागपुरात अजूनही भेटतात. महाल भागातल्या एका वकिलाचं नाक तेव्हा होतं तसंच बाकदार आहे. लग्नाच्या पंगतीत गाठ पडली की मला ओळखून तो नाकावरून हात फिरवतो आणि मी आपली ताटातल्या वांग्याच्या भाजीकडे बघते. सीताबर्डीवर कापडाचं दुकान असलेल्या एका काकूंच्या हनुवटीखालची घडीही जागच्या जागी आहे. दोघंही तीन-तीनदा परीक्षेला बसले आणि दोघांनाही दहाव्या प्रश्नानं पाडलं. मीही त्याच प्रश्नाला पडले होते, म्हणून त्यांना हसायचा मला काही अधिकार नाही. तरी हसू येतंच.

डॉक्टर प्लास्टिक सर्जन होते. धंतोलीतल्या एका दुमजली बंगल्यात त्यांचं वीस खाटांचं इस्पितळ होतं आणि तिथे मी टायपिस्ट होते. प्लास्टिक सर्जन म्हणजे काय हे तेव्हा शहरातल्या शिकल्यासवरल्यांनाही धड ठाऊक नव्हतं. एक माणूस तळ फुटलेली प्लास्टिकची बादली घेऊन आला होता, असं ते सांगत. मी तो माणूस पाहिला नाही. पण ती बादली आपण कशी तापवून जोडून दिली हे डॉक्टर इतक्या बारकाईनं सांगत की खोटं म्हणवत नसे.

ते पारशिवनीकडच्या शेतकरी घरातले. शिक्षणासाठी चार वर्षं विलायतेत राहून आले, पण जिभेवरची वऱ्हाडी तिथल्या थंडीनंही गोठली नाही. एखादा मोठा अधिकारी समोर बसून इंग्रजीत बोलायला लागला की हे त्याला सांगत, "साहेब, दुखते कुठी ते मराठीत सांगा, इंग्रजीत दुखणं लहान होते."

इस्पितळात मोठी खुर्ची पेशंटची होती. डॉक्टर स्वतः औषधाच्या कपाटाजवळच्या बुटक्या स्टुलावर बसत. वरून खाली पाहणाऱ्याला माणूस प्रश्न विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता खेड्यातून आलेला म्हातारा त्या खुर्चीवर बसायला कुठला धजतो? तो सरळ फरशीवर बसे. मग डॉक्टरही स्टूल सोडून फरशीवर मांडी घालत. आमच्याकडचे निम्मे पेशंट असे जमिनीवर तपासले गेले आहेत. कागदावर अंगठा घ्यायला मला खाली बसावं लागे आणि ते माझ्या पायाला सोपं नव्हतं.

ऑपरेशनांचे त्यांनी दोन भाग केले होते, गरजेची आणि हौसेची. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाया, फाटक्या ओठाची लेकरं, मळणीयंत्रात हात गेलेले मजूर, हे सगळे गरजेचे. त्यांच्यासाठी डॉक्टर जेवणाचं ताट सारून उठत. नाक सरळ करा, कान आत घ्या, पोट कमी करा म्हणणारे हौसेचे. हौसेला त्यांचा विरोध नव्हता. माणसाला आरशात बरं दिसावंसं वाटलं तर त्यात पाप काय, असं ते म्हणत. फक्त हौसेच्या माणसानं आधी परीक्षा द्यायची.

खरीखुरी परीक्षा, फूलस्केप कागदावर. प्रश्नपत्रिकेचं स्टेन्सिल मी कापायची. पेशंटला डॉक्टर आधी तासभर सगळं समजावून सांगत, आठवडाभर विचार करायला देत, आणि मग व्हरांड्यातल्या बाकावर एकट्याला बसवून पेपर देत. बरोबर आलेल्या मामा-काकांना फाटकाबाहेर काढत. लिहिता न येणाऱ्याची तोंडी परीक्षा ते स्वतः घेत. प्रश्न दहा, आणि पास व्हायचं तर दहाच्या दहा बरोबर पाहिजेत. नापास झालेल्याला महिन्याभरानं पुन्हा बसता येई.

पहिले नऊ प्रश्न त्या त्या ऑपरेशनचे असत. कापतात कुठे, व्रण कुठे राहील, काय बिघडू शकतं, किती दिवस पडून राहावं लागेल, तेव्हा घरी तुमचं करणारं कोण आहे, आणि या ऑपरेशननं काय होणार नाही. दहावा मात्र सगळ्यांना एकच होता. डॉक्टरला अडचण होईल असा एक प्रश्न लिहा.

इथे माणसं आपटत. आपल्याकडे डॉक्टरला अडचणीचा प्रश्न विचारणं म्हणजे देवळात जाऊन मूर्तीला वय विचारण्यासारखं. कोणी जागा कोरी सोडी. कोणी लिही, आपली प्रकृती कशी आहे? एका हेडमास्तरांनी तर त्या जागेत डॉक्टरांच्या स्तुतीपर आठ ओळींची कविता लिहिली होती. यमकं चांगली होती, पण मास्तर नापास झाले. वकील महाशयांनी तिसऱ्या खेपेला लिहिलं, आपण देवमाणूस आहात, आपल्याला काय विचारावं! जन्मभर साक्षीदारांना उलटसुलट विचारणारा माणूस इथे असा मऊ पडला. ते वाचून डॉक्टर खरंच चिडले. "देवाले कागदावर सही घ्या लागते का गा?" त्यांनी विचारलं. "मले लागते."

आता माझ्या पायाचं सांगते. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय वाचला, पण पोटरी भरलीच नाही. मनगटापेक्षा थोडी जाड, एवढीच. चालताना जरा लचक होती. पातळाच्या आत बाकी सगळं झाकलं जाई. लोकांच्या चालीवरून त्यांचा आजार ओळखणारे आमचे डॉक्टर, रस्त्यानं जाणाऱ्यांना थांबवून त्यांच्या टाचा बघणारे, माझ्या पायाबद्दल चार वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. मला ते कधी बरं वाटे, कधी राग येई.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. एक दिवस जरीपटक्याचा एक शरीरसौष्ठववाला आला. छाती कपाटाएवढी, दंड उखळासारखे, आणि खाली पाय सुकलेले. स्पर्धेत सगळे वर बघतात तोवर ठीक, पाठ फिरवली की परीक्षक हसतात, असं तो बिचारा खाली मान घालून सांगत होता. परदेशात पोटरीत सिलिकॉनचा तुकडा बसवतात हे त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. डॉक्टरांनीही वाचलं होतं. त्यांनी त्याच आठवड्यात पोटरीचा पेपर काढला आणि मी तो टाइप केला.

टाइप करता करता माझी बोटं थांबायला लागली. गुडघ्यामागच्या घडीत काप घेतात. मांसावरच्या पांढऱ्या पडद्याखाली जागा करतात आणि तुकडा तिथे सरकवतात. पायाला त्यानं जोर येत नाही, चाल सुधारत नाही, फक्त आकार येतो. पू झाला तर काढावा लागतो. जागचा हलू शकतो, कातडी बधिर होऊ शकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आत दाब वाढून पायाचं रक्त अडू शकतं. पोटरी दगडासारखी टणक झाली, बोटांना मुंग्या आल्या, दुखणं औषधाला ऐकेना, तर तासाभरात टाके उघडायला हवेत, नाहीतर पाय जाऊ शकतो. हे सगळं मी शुद्धलेखन तपासून टाइप केलं, आणि मनात एकच घोकत होते की असं करता येतं. मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं की असं करता येतं.

पहिलवान नापास झाला. यानं उड्या मारायला जोर येईल असं त्यानं लिहिलं होतं. पण डॉक्टरांना त्या ऑपरेशनचं वेड लागलं ते लागलंच. घरी स्वयंपाकघरात कांदालसूणसुद्धा जपून शिरे, अशा घरातला हा माणूस खाटकाकडून बकऱ्याच्या तंगड्या आणायला लागला. बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, अर्थातच घरात घेतल्या नाहीत. मग इस्पितळाच्या मागच्या ओट्यावर चाकू-चिमटे मांडून सराव सुरू झाला. घारी फिरायला लागल्या, शेजारच्यांनी तक्रार केली. चितारओळीतल्या एका मूर्तिकाराकडून त्यांनी मातीच्या बारा पोटऱ्या करून घेतल्या, कारण पोटरीचं वळण त्याच्याएवढं कोणालाच कळत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. त्या बारा पोटऱ्या माझ्या टेबलासमोरच्या फळीवर ओळीनं ठेवलेल्या असत. मी दिवसभर त्यांच्याकडे पाहत टाइप करी.

त्याच सुमाराला आईनं अमरावतीचं स्थळ आणलं. आमच्याकडे मुलगी दाखवायची म्हणजे पोहे देऊन भागत नसे. मुलाकडची एखादी आत्या किंवा मावशी आत येई, चालून दाखव म्हणे, आणि मग लाडानं सांगे की पातळ जरा वर धर बरं, पाऊल बघू. आधीची तीन स्थळं तिथेच फिरली होती. तिन्ही घरांकडून पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. मी एकोणतीस वर्षांची होते. चौथ्यांदा त्या घोळक्यासमोर पातळ वर धरायची माझी तयारी नव्हती.

मी डॉक्टरांना सांगितलं की मला पेपर द्यायचा आहे. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. माझा पाय नीट तपासला, फीत लावून मोजला, आणि पोलिओच्या पायाची कातडी ताठ असते, त्यामुळे उजव्याएवढी पोटरी होणारच नाही, हे दोनदा सांगितलं. मग आठ दिवसांनी मला इतरांसारखंच व्हरांड्यात बसवलं.

नऊ प्रश्न मी डोळे मिटून लिहिले असते. दहाव्याला थांबले. माझ्या मनात खरंच काही शंका नव्हती. भाजलेल्या पोरींचे चेहरे त्यांनी उभे केलेले मी पाहिले होते. मी लिहिलं, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणून प्रश्न नाही.

त्यांनी मला नापास केलं.

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या पत्रांत मुद्दाम चुका केल्या. एका मोठ्या डॉक्टरांना त्यांनी पाठवलेल्या पत्रात 'आपला नम्र'च्या जागी 'आपला हट्टी' टाइप केलं. त्यांनी वाचून सही केली आणि तसंच पाठवलं. शेवटी मीच न राहवून विचारलं की ज्या माणसावर विश्वास आहे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा तरी कसा. ते म्हणाले, "विश्वास ठेव ना वं, कोण नाही म्हणते? पण पाय तुझा आहे. मी चुकलो तर लंगडत मी नाही जाणार."

तो महिना मी वाईट काढला. अमरावतीचे लोक महिनाअखेर यायचे होते, त्याआधी ऑपरेशन होऊन पाय बरा होणं शक्य नाही हे मला पेपरातूनच कळलं होतं. तरी निदान होणार आहे एवढं त्यांना सांगता येईल, अशी माझी आशा होती. एक दिवस समोरच्या त्या मातीच्या पोटऱ्यांकडे बघता बघता मला प्रश्न सुचला. इतका साधा होता की माझीच मला लाज वाटली. आणि तो लिहायची भीतीही वाटली, कारण उत्तर काय येईल याचा अंदाज होता.

दुसऱ्यांदा पेपरला बसले. दहाव्या प्रश्नापुढे लिहिलं, हे ऑपरेशन तुम्ही आजवर किती वेळा केलं आहे?

डॉक्टरांनी पेपर स्टुलावर बसून वाचला. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बकऱ्याच्या तंगडीवर अकरा वेळा," ते म्हणाले. "माणसावर एकदाही नाही." मग पेपरावर लाल पेन्सिलीनं दहा मार्क दिले आणि माझ्याकडे बघितलं. "पास झाली तू. आता सांग, करू का?"

तो पेपर टाइप केल्यापासून मनात धरलेली गोष्ट हातात आली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तयारी केली असती, आणि जीव ओतून केलं असतं. सिस्टर मला डोळ्यांनी खुणावत होत्या की हो म्हण.

"नाही," मी म्हटलं. "आधी शिकून या, डॉक्टरसाहेब."

सिस्टरांनी तोंडावर हात घेतला. डॉक्टर असे हसले की वरच्या मजल्यावरचे पेशंट जिन्यात आले. संध्याकाळपर्यंत ते दिसेल त्याला सांगत होते की हिनं मले नापास केलं. फाटकावरच्या चौकीदाराला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. एखाद्याच्या पोरीचा मेरिटमध्ये नंबर यावा तसा त्यांना आनंद झाला होता.

आणि छप्पन्न वर्षांचा हा माणूस खरंच शिकायला गेला. मुंबईत एक तरुण सर्जन ही ऑपरेशनं करू लागले होते. आमचे डॉक्टर चार महिने त्यांच्या हाताखाली जखम उघडी धरायचे आकडे धरून उभे राहिले. नागपुरात ज्यांच्यापुढे मोठमोठे डॉक्टर उठून उभे राहत, ते तिथे मुलांच्या वसतिगृहात राहिले. मला पोस्टकार्डं येत. आज एक पाहिलं. आज एकाचे टाके मला घालू दिले. मग एक कार्ड गच्च भरून आलं. त्यांनी लिहिलं होतं, काल एकाच्या पोटरीत दाब वाढला, घातलेलं ताबडतोब काढावं लागलं, पाय वाचला. मी एकटा असतो तर मला ते वेळेत कळलं नसतं. तो पाय तुझा असता.

ते कार्ड मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या माणसाला सगळं शहर देव म्हणत होतं त्यानं टायपिस्ट पोरीला हे स्वतःच्या हातानं लिहून पाठवावं, याचा मला तेव्हा जो अभिमान वाटला तो आजही तसाच्या तसा आहे.

अमरावतीचे लोक मध्यंतरी येऊन गेले होते. आत्याबाई आत आल्या, चालून दाखव म्हणाल्या. मी चालले नाही. खुर्चीवर बसले, पातळ स्वतःच गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि म्हटलं, पोलिओ झाला होता, काय विचारायचं ते विचारा. त्यांनी काही विचारलं नाही. पोहे मात्र पुरते खाऊन गेले. आई रडत म्हणाली, "काहून असं केलं वं तू?" मला रडू आलं नाही. या खेपेला पत्रिकेचं पत्र यायची वाट बघावी लागणार नव्हती. लग्नाचं विचाराल तर ते पुढे झालं, आणि त्याचा पोटरीशी काही संबंध नाही.

डॉक्टर परतले तेव्हा बघायला येणारं कोणी नव्हतं, मुहूर्त नव्हता. तरी मला ऑपरेशन हवं होतं. फक्त मला हवं होतं म्हणून. त्यांनी पुन्हा पेपर घेतला, कारण जुना शिळा झाला म्हणे. ऑपरेशननंतर ते माझ्या खाटेशेजारी फरशीवर बसून असत आणि दर थोड्या वेळानं बोटं हलवायला लावत. मुंग्या आल्या तर लपवू नकोस, लगेच सांगजो, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेजारच्या खाटेवरची बाईही आपली बोटं हलवायला लागली.

सूज पुरती उतरल्यावर त्यांनी मला दोन आरशांच्या मधे उभं केलं. जमलेले सगळे छान झालं म्हणत होते. डॉक्टरांनी विचारलं, किती मार्क? मी बराच वेळ बघितलं. पायाला आकार आला होता. माझ्या पायाला आकार होता! माझे डोळे भरून आले. मग डोळे पुसून मी पुन्हा बघितलं आणि सहा म्हटलं. त्यांनी केसपेपरावर शाईनं सहा लिहिलं.

पुढल्या वर्षी नागपुरात सर्जन लोकांची मोठी सभा भरली. डॉक्टरांनी माझ्या पायाचे आधीचे आणि नंतरचे फोटो पडद्यावर दाखवले. भाषणाचे कागद मी टाइप केले होते, म्हणून मी मागच्या रांगेत बसले होते. निकालाच्या जागी त्यांनी वाचलं, दहापैकी सहा. सभेत हसू फुटलं. तोपर्यंत बोललेल्या प्रत्येकाचा निकाल उत्तम होता. पहिल्या रांगेतल्या एका बड्या सर्जननी गमतीनं विचारलं की हे मार्क देणारा परीक्षक कोण.

"माझी परीक्षक मागं बसून आहे," डॉक्टर म्हणाले. "चार मार्क काहून कापले, ते तिलेच विचारा."

सगळं सभागृह मागे वळलं. मी उठले, मधल्या वाटेनं लचकत पुढे गेले आणि त्या दोनशे डॉक्टरांना चारही मार्कांचा हिशेब सांगितला: पोटरी उजवीपेक्षा बारीक राहिली त्याचे दोन, गुडघ्यामागच्या व्रणाचा एक, आणि कातडी बधिर राहिली त्याचा एक. आमचे डॉक्टर बाजूला उभे राहून तो वहीत उतरवून घेत होते.